कोन म्हणालं?

भूमितीच्या आकृतीवर खुणा कशा करायच्या हे मला ताईनं शिकवलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला जाऊन चार महिने झाले. हे मी तिच्याच घरात बसून लिहिते आहे. यवतहून आत वळलं की उसाच्या फडांमधून एक कच्चा रस्ता जातो, त्याच्या शेवटी हे घर आहे. समोर तिच्या मुलीची वही उघडी आहे. मुलगी दहावीला आहे, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे, आणि मी इथे आहे ती तिच्या भूमितीसाठी. निदान मी आले तेव्हा एवढंच ठरलं होतं.

आमचं माहेर भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात. मी आठवीत होते तेव्हा ताई दहावीत होती. शेतातल्या मोटारीला दिवसा लाईट येण्याचे वार ठरलेले असत. त्या दिवशी शाळेतून आल्यावर आम्हा दोघींना विहिरीवर पाठवत. लाईट आली की मोटार चालू करायची, एवढंच काम. लाईट वेळेवर कधीच येत नसे. त्या वाट पाहण्यात ताईनं मला एकरूप त्रिकोण शिकवले. हौदाचा सिमेंटचा कठडा हा फळा आणि विटकरीचा तुकडा हा खडू.

दोन बाजू एकरूप असतील तर दोन्हींवर एकेक बारीक आडवी रेघ. दुसरी जोडी आली की तिच्यावर दोन-दोन रेघा, म्हणजे कोण कुणाची जोडीदार ते चुकत नाही. कोन एकरूप असतील तर त्यांच्या पोटात कंस. आणि दोन त्रिकोणांत मिळून एकच बाजू असेल, तर त्या सामाईक बाजूवर ताई छोटी गाठ काढायची, दोरीला मारतात तशी. हे पुस्तकात कुठे नव्हतं, तिनंच काढलेलं. “दोन्हीकडनं बांधलीय ना ती बिचारी,” ती म्हणायची. कसोट्यांची नावं तिला फार आवडत. तिन्ही बाजू जुळल्या तर बाबाबा, दोन बाजू आणि मधला कोन जुळला तर बाकोबा, दोन कोन आणि मधली बाजू जुळली तर कोबाको. शेजारच्या वस्तीवरचे मेंढपाळ मेंढरांना हाक मारत त्या चालीवर ती ही नावं विहिरीत तोंड घालून ओरडायची. विहीर ती परत करायची.

मी भराभर खुणा करायचे. आकृती पाहिली, दोन कोन सारखे दिसले, की दोन कंस. मग ताई माझ्या कंसावर बोट ठेवायची.

“कोन म्हणालं?”

आमच्याकडे बोलण्यात ‘ण’चा बऱ्याचदा ‘न’ होतो. ‘कोण’ आणि ‘कोन’ यांचा उच्चार एकच. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी भाबडेपणानं त्या कोनाचं नावच सांगितलं होतं. तिनं टपली मारली.

“ह्यो कोन न्हाई, येडे. त्यो कोन. कोनी सांगितलं तुला, हे दोन्ही सारखे हायेत म्हणून?”

“दिसत्यात की.”

“दिसाया काय, आपल्या दोन्ही म्हशी बी सारख्याच दिसत्यात. धारंला बसल्यावर कळतं कुठली लाथ मारती.”

तिचा नियम सोपा होता. गणितात जे दिलेलं असतं त्याला पक्ष म्हणतात, जे सिद्ध करायचं असतं त्याला साध्य. खूण करायची ती पक्षाला. साध्याला आधीच खूण केली, की मग माणूस त्याच खुणेकडे बोट दाखवून साध्य सिद्ध झालं म्हणतो, आणि त्याला स्वतःलाही कळत नाही की त्यानं काहीच सिद्ध केलेलं नाही. “रेघ मारली म्हंजी कोनीतरी शब्द दिलाय,” ताई म्हणायची. “कोनी दिला ते सांगता आलं पायजे.” पुढे बी.एड. करताना मी या विषयावर पुस्तकं वाचली. एवढं नेमकं कुणी म्हटलेलं सापडलं नाही.

ताईची बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिला यवतकडचं स्थळ आलं. तिला शिरूरला कॉलेजात पुढे शिकायचं होतं. पाहुणे बाहेर ओसरीवर बसले होते. ताई आत कपांखाली बशा लावत होती आणि मी तिच्या शेजारी उभी होते. बाहेरून आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आवाज आला, “पोरीची तयारी हाय.”

ताईचा हात थांबला. ती माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “कोन म्हणालं?”

आणि हसली. मीही हसले. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ट्रे उचलून बाहेर गेली. आपण तेव्हा हसलो, हे मला आता फार लागतं.

लग्नानंतर दर दिवाळीला माहेरी आली की ती आप्पांना बजावायची, धाकटीला शिकू द्या. तिच्या शब्दाला माहेरी वजन होतं, कारण तिनं कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, पुण्याला बी.एड. केलं. तिथे पहिल्याच पाठात मी फळ्याकडे वळून विचारलं, “हे कोन सांगेल?” मागच्या बाकांवर हसू फुटलं. त्या वर्षी मी ‘ण’ घासून घासून बसवला. शिरूरला परत येऊन एका शाळेत तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे जेवढे तास घ्यायचे तेवढ्याच तासांची मी शिक्षिका. लग्न जमलं नाही. जमत नाही याची मला खंत नव्हती, घराला होती. तेहतीस वर्षांची अविवाहित मुलगी घरात असणं म्हणजे दारात उभी केलेली एखादी वस्तू असते. येता-जाता प्रत्येकाला ती कुठेतरी हलवावीशी वाटते.

ताईला कावीळ झाली आणि ती पंधरा दिवसांत गेली. ती अंगावर काढत होती हे कुणाला कळलं नाही, किंवा कळलं आणि उसाची तोड चालू होती. दहाव्याला नदीकाठी बसलेली माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. अशी सून मिळायची नाही, घराशी अगदी एकरूप झाली होती. मी तो शब्द ऐकत राहिले. भूमितीत दोन आकृत्या एकरूप असल्या तरी दोन असतात. एक इकडे, एक तिकडे, मध्ये कागद असतो. माणसं म्हणत होती तो शब्द निराळा होता. त्यात दोघांमधलं एक उरत नाही.

तेराव्यानंतर आई म्हणाली, “पोरीची धावी होस्तवर ऱ्हा इथं. तुझ्याबिगर कोन हाय तिला?” मी राहिले. शाळेत माझे तास दुसऱ्या बाईंना दिले गेले. तासिका तत्त्वात रजा नसते.

मी दोन साड्या आणि चार पुस्तकं घेऊन आले होते. तिसऱ्या दिवशी ताईच्या सासूबाईंनी, त्यांना मी मामी म्हणते, ताईच्या साड्यांची चळत माझ्या पुढ्यात ठेवली. “पडून ऱ्हाऊन विटायच्या.” ताईची पोलकी मला तंतोतंत बसली. मामी दोन पावलं मागे जाऊन बघत राहिल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं त्या रडताहेत. रडतही होत्या. पण त्याच वेळी त्या माप घेत होत्या, हे मला महिन्याभरानं कळलं.

न्हाणीच्या दाराशी भिंतीत एक खिळा आहे. त्यावर ताईचा टॉवेल असायचा. एक दिवस दोरीवर वाळत घातलेला माझा टॉवेल मला त्या खिळ्यावर दिसला. मी तो काढून पुन्हा दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिळ्यावर. मग मी काढायचं सोडून दिलं. तेवढ्यासाठी काय बोलायचं, असं वाटलं. अशाच पुढच्या खुणा होत गेल्या. मामींनी दुधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. वस्तीवरच्या बायका मला ‘बाई’ म्हणायच्या त्या ‘धाकली’ म्हणू लागल्या, घरच्या सुनेला म्हणावं तसं. जेवताना दाजींचं ताट मी वाढावं म्हणून मामींना नेमकं तेव्हाच गोठ्यात काम निघू लागलं. दाजी म्हणजे ताईचा नवरा. ते मान खाली घालून जेवायचे आणि पाणीसुद्धा मागायचे नाहीत.

कुणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. न विचारलेल्याला नाही कसं म्हणायचं हे मला माहीत नव्हतं. सकाळी दार उघडलं की समोर ऊस. पुरुषभर उंच, चारी बाजूंनी. वाऱ्यानं तो हलला की वाटायचं आतून कुणी येतं आहे, आणि कुणी येत नसे. मी स्वतःला सांगायचे, भाचीसाठी राहिले आहे. पण मी राहिले आहे याचाच अर्थ लावला जात होता. एकदा मामी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, “मन हाय तिचं. मन नसतं तर ऱ्हायली असती व्हय?”

आईला फोन करून मी म्हटलं, मला परत यायचंय.  आई म्हणाली, “तिच्यामुळं शिकलीस तू. तिच्या लेकरासाठी येवढं न्हाई करायची?” मी फोन ठेवला. तिचं ते म्हणणं मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही.

भाची दुपारी शाळेतून आली की आम्ही मागच्या पडवीत बसायचो. ती कमी बोलते. आई गेल्यापासून तर फारच कमी. एकदा मी तिला साधं गणित घातलं. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, तळाच्या बाजूचा मध्यबिंदू वरच्या टोकाला जोडला. सिद्ध करा की वरच्या कोनाचे दोन सारखे भाग होतात. तिनं आकृती काढली आणि सगळ्यात आधी वरच्या दोन कोनांत दोन कंस काढले. मग बाकोबा कसोटी लावून तीन ओळींत सिद्धता संपवली.

“हे कंस कुणी दिले?” मी विचारलं. माझा ‘ण’ अगदी स्वच्छ.

तिनं वहीकडे पाहिलं.  मग खोडरबर घेऊन दोन्ही कंस खोडले. तळाच्या दोन तुकड्यांवर दोन-दोन रेघा केल्या, आणि मधल्या सामाईक बाजूवर एक छोटी गाठ काढली.

“बाबाबा,” ती म्हणाली.

मी त्या गाठीवर बोट ठेवलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

“आईनं,” ती म्हणाली. “ती असं नव्हती विचारत पण. ती म्हणायची, कोन म्हणालं.”

त्या दिवशी पुढचं गणित झालं नाही. मी चहा करते म्हणून उठले आणि चुलीपाशी उभी राहिले. ताईनं सतरा वर्षं या घरात तो प्रश्न जपून ठेवला होता, आणि तो फक्त वहीवर विचारला होता.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा भाचीची कंपासपेटी मोडली. दाजी म्हणाले, यवतला चाललोय, तुम्ही पण चला, बघून घ्या. मामींनी लगेच मला ताईची चांगली साडी नेसायला लावलं. मोटरसायकलवर मी मध्ये पिशवी ठेवून बसले. कंपासपेटी घेऊन झाल्यावर दाजी हायवेच्या कडेला रसवंतीपाशी थांबले. पुण्याच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. पूर्वी ते मला चिडवायला ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे. त्या दिवशीही तसंच म्हणाले, पण चिडवल्यासारखं नव्हतं.

“मास्तरीणबाई, घरात काय चाललंय ते तुमाला कळतंय न्हवं?”

“कळतंय.”

“मला बी कुनी इचारलं न्हाई.” ते ग्लासातल्या बर्फाकडे बघत होते. “तुमी न्हाई म्हणला तर मला बरं वाटंल. आन् तुमी व्हय म्हणला, तर मी न्हाई म्हणायचा न्हाई. माझ्यात न्हाई येवढी ताकद. तिला जाऊन किती दिस झालं? मला अजून चहाला तिचा बी कप काढायची सवय हाय.”

मला त्या माणसाचा राग करता येईना. राग करता आला असता तर सोपं गेलं असतं. येताना एक एस.टी. उभी होती, तिच्यावर न्हावरामार्गे शिरूर अशी पाटी होती. मी कंपासपेटी हातात धरून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.

मागच्या रविवारी आप्पा आणि आई आले. ताईचे सासरे, आबा, ओसरीवर सतरंजी घालून बसले होते. दाजी खांबाला टेकून उभे. मामी दाराशी. मी आत चहाचे कप भरत होते. भाची पडवीतून उठून वही घेऊन आतल्या उंबऱ्यावर बसली होती. सगळं बोलणं ऐकू येत होतं.

“वर्षाच्या आत उरकल्यालं बरं,” आप्पा म्हणाले. “पुढं लांबत जातं.”

“देवळात चार मानसं,” आबा म्हणाले. “गाजावाजा नगं. लोकं नावं ठेवत्यात.”

“लोकं कशाला नावं ठेवतील?” मामी म्हणाल्या. “उलट म्हणतील, घरची चीज घरात ऱ्हायली. पोरीचा शेवटचा पेपर झाला की लगीच धरू.”

“येक इचारतो, आप्पा,” आबा म्हणाले. “तिचं काय म्हणणं?”

“तिची तयारी हाय,” आप्पा म्हणाले.

तोच आवाज, तेवढाच शांत. माझ्या हातात किटली होती आणि मला कळलं की मी आता ट्रे उचलणार आहे. पदर नीट करणार आहे आणि बाहेर जाणार आहे. हात आपोआप पदराकडे गेलासुद्धा.

“कोन म्हणालं?”

भाची उंबऱ्यावर उभी होती. हातात पेन्सिल. हळू नव्हती म्हणाली.

आबांना वाटलं ती गणितातलं काही विचारते आहे. “जा बाळ, मावशीला इचार जा. मला ते कोन-बिन काय कळत न्हाई.”

“मावशीलाच इचारते,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “मावशी, तुझी तयारी हाय, हे कोन म्हणालं?”

ओसरीवरचे सगळे आत बघू लागले. मी किटली खाली ठेवली. पुण्यात वर्षभर घासलेला ‘ण’ त्या वेळी कुठे गेला कुणास ठाऊक.

“कुनी न्हाई,” मी म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “मी म्हणाले न्हाई.”

“मग ऱ्हायलीस कशाला हितं?” आप्पा म्हणाले.

“हिच्या भूमितीसाठी.”

“भूमितीसाठी!” मामी म्हणाल्या. “भूमिती काय जेवाय वाढती व्हय पोरीला? उद्या तिचं लगीन निघंल, तवा भूमिती बसंल पाटावर?”

आई रडायला लागली. आप्पा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकलं हे कळलेलं, पण कोणत्या ओळीत ते न सापडलेलं पोर असावं, तसे ते दिसत होते. मला त्यांना सांगावंसं वाटलं की चूक सतरा वर्षं मागे आहे. 

“ऱ्हाऊ द्या, आप्पा,” दाजी म्हणाले. खांबापासून सुटले, चप्पल घातली आणि गोठ्याकडे गेले.

चहा तसाच राहिला. जाताना आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. गेल्या आठवड्याभरात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आईनं उचलला. “अजून रागात हायेत,” ती म्हणते. परीक्षेनंतर मी माहेरी यावं की नाही, हे तिनं सांगितलेलं नाही. शिरूरच्या शाळेत माझे तास आता माझे नाहीत. एक मैत्रीण शिक्रापूरला राहते, कंपनीत जाणाऱ्या मुलींबरोबर खोली घेऊन. ती म्हणते, एक गादी पडेल आणखी. गेल्यावर दिवसभर काय करायचं, तास मिळतील का, हे मला माहीत नाही. भाचीला इथे सोडून जायचं आहे, हे माहीत आहे. त्याचं वाईट मला रोज सकाळी ऊस दिसला की नव्यानं वाटतं. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “मग मी यीन की तिकडं. लांब न्हाई.” आणि गाठीचं चित्र काढत बसली.

रविवारी ते गेल्यावर मी ताईची साडी घडी करून चळतीवर ठेवली आणि माझ्या दोन साड्यांतली एक नेसले. मग गोठ्यातून हातोडी आणली आणि न्हाणीच्या दाराशी, ताईच्या खिळ्यापासून वीतभर अंतरावर, दुसरा खिळा ठोकला. मला सवय नाही, तो तिरका बसला. माझा टॉवेल काढून त्यावर टाकला. ताईचा खिळा मोकळा झाला.

मामी मागे येऊन उभ्या होत्या. 

“म्हैन्याभरासाठी,” त्या म्हणाल्या, “कशाला भिंतीला भोक?”

महिनाभर. परीक्षा झाली की मी जाणार, हे मामी म्हणाल्या. मी काही बोलले नव्हते.